डाव्या हातातला कंदील

सिताराम गुरुजींना कशाची भीती वाटत नाही, असं कुणी विचारलं असतं तर विचार करायला त्यांना एक दिवसाची रजा टाकावी लागली असती, आणि रजेचा अर्ज टाकायचीही त्यांना भीती. साहेब तपासणीला येणार म्हटलं की आठ दिवस आधीपासून पोट बिघडायचं. पोस्टकार्ड आलं की ते आधी बायकोच्या, सुलाबाईच्या हातात द्यायचे. ती दुसरीपर्यंत शिकलेली. अक्षराला अक्षर लावून वाचायची, आणि तोवर हे घामाघूम. गंगाखेडपासून दोन कोसांवरच्या गावात पहिली ते चौथीची शाळा एकटा सांभाळणारा हा माणूस, पण पोरांवर कधी छडी उगारली नाही. त्याचंही कारण तेच. लागलं एखाद्याला तर काय घ्या!

पण ह्या सगळ्या भित्या म्हणजे चिल्लर. खरी भीती एकच होती आणि ती घरातच, ओसरीवर बसलेली असायची. आश्रुबा, गुरुजींचे वडील.

आता तुम्ही म्हणाल, म्हातारा मारकुटा असेल. छे! आश्रुबानं उभ्या जन्मात लेकराला बोट लावलं नव्हतं. त्याला फक्त गप्प बसता यायचं. मनाविरुद्ध काही झालं की गप्प, चार-चार दिवस गप्प, जेवणाच्या ताटाकडं बघत बसायचा, आणि सगळं घर पाय न वाजवता चालायचं. मार खाल्लेला परवडला, असं ते गप्प बसणं.

आणि त्या माणसाची एक गोष्ट साऱ्या तालुक्याला ठाऊक होती. त्या गावात जुनी रीत होती. गावच्या जमीनमालकाच्या घरची वरात निघाली की उजेड धरायचं काम आश्रुबाच्या घराकडं. टेंभा धरून नवरदेवाच्या पुढं चालायचं. नुसतं चालून भागत नसे. वरात चौकात थांबली की कुणीतरी ओरडायचं, “आश्र्या, नाच की,” आणि त्या टेंभ्यासकट गिरक्या घ्याव्या लागायच्या. मग पायाशी पैसे फेकायचे. नाही म्हणायची सोय नव्हती. छप्पन साली आश्रुबानं दीक्षा घेतली आणि परत आल्यावर पहिलं काम काय केलं, तर तो टेंभा गंगेच्या डोहात नेऊन टाकला. काठावर सगळी वस्ती जमली होती. “आजपून कुनाच्या म्होरं उजेड धरनार न्हाई,” तो म्हणाला, “आन माझ्या घरातलं कुनी नाचनार न्हाई.” बारा वर्षांचा सिताराम तेव्हा बापाचं धोतर धरून उभा होता.

म्हाताऱ्यानं शब्द पाळला तो असा पाळला, की अंधारात सुनेला विहिरीवर जायचं असलं तरी तो कंदील घेऊन तिच्या पुढं चालायचा नाही. मागून चालायचा. सुलाबाईची सावली तिच्याच वाटेवर पडायची, दोनदा ठेचकाळली बिचारी, पण सासऱ्याला पुढं व्हा म्हणायची तिची छाती झाली नाही.

आणि अशा माणसाच्या पोराला वेड कशाचं असावं? नाचाचं. तेही कंदिलाच्या.

एका जुन्या हिंदी सिनेमात तो नाच होता. नट रेल्वेचा गार्ड झालेला, फलाट रिकामा, गाडी चुकलेली. पण गडी रडत नाही. हातातला कंदील झुलवत टाचा वाजवायला लागतो, बाकावर चढतो, उतरतो, गिरकी घेतो, कंदील वर फेकून पाठीमागच्या हातात झेलतो आणि शेवटी फलाटावर निजलेल्या कुत्र्याला सलाम ठोकतो. चार मिनिटांचा खेळ, पण देशानं डोक्यावर घेतला. पुढं वीस वर्षं त्याची नक्कल न केलेला विनोदी नट शोधून सापडला नसता. कुणी कंदिलाऐवजी दुधाची कासंडी घेऊन नाचला. कुणी जेवणाचा डबा घेतला, आणि डबा उघडून वरण डोक्यावर. एका सिनेमात तर जाडजूड सासू शेगडी घेऊन नाचली आणि कुत्र्याच्या जागी जावयाला सलाम ठोकला. हसून हसून माणसं लोळायची. पण चेष्टा कुणी वाईट मनानं केली नाही. लेकरू बापाची चाल चालून दाखवतं ना, तसं होतं ते.

सितारामनं तो मूळचा नाच पाहिला तेव्हा तो सात वर्षांचा होता. गंगाखेडच्या जत्रेत तंबूतला सिनेमा आला होता. तंबूच्या मधोमध पडदा, आणि माणसं दोन्हीकडं बसायची. समोरचं तिकीट चार आणे, पडद्यामागचं दोन. मागून चित्र तेच दिसायचं, फक्त आरशात दिसावं तसं, उजवीकडचं डावीकडं. अक्षरं उलटी दिसायची, पण वाचता कुणाला येत होतं! बरं, प्रश्न नुसता दोन आण्यांचाही नव्हता. समोर बसलं तर कुणीतरी येऊन उठवायचं. उठवून घेण्यापेक्षा आश्रुबा आपणहून मागं जाऊन बसायचा. चार दिवस लागोपाठ बाप-लेक तिथं बसले, आणि तो गार्ड कुत्र्याला सलाम ठोकायचा तेव्हा आश्रुबा पोट धरून हसायचा. बाप असा हसतो हे सितारामनं तिथंच पहिल्यांदा पाहिलं. पोरानं तो नाच पाठ केला. गोठ्यात, रिकामा लोटा घेऊन, म्हशीला सलाम ठोकून. पुढं दीक्षा झाली, टेंभा बुडाला, आणि नाच पोटात गेला तो गेलाच. तो सिनेमाही पुन्हा त्यांच्या दृष्टीस पडला नाही.

परभणीला मास्तरकीचं शिक्षण घेताना वसतिगृहात एकदा, फक्त एकदा, दार लावून त्यांनी तो नाच मित्राला करून दाखवला. मित्राचं नाव बन्सीधर. हा बन्सीधर पुढं रेल्वेत लागला आणि गंगाखेडच्या अलीकडच्या एका चिमुकल्या स्टेशनावर तिकीटबाबू झाला. आणि चौऱ्याहत्तरच्या थंडीत त्याच स्टेशनावर मराठी सिनेमाची कंपनी उतरली. योग यायचा तो असा येतो.

कंपनीला काय पाहिजे होतं, तर आठ गावकरी माणसं. गाडीची वाट बघून कंटाळलेली, आणि मग आठहीजण गार्डाचे कोट घालून कंदिलाचा नाच करतात, असा प्रसंग. सात माणसं त्यांनी आणली होती, आठवा तापानं फणफणला. बन्सीधरनं सायकल मारत येऊन गुरुजींना धरलं. रविवार होता. गुरुजी नाही म्हणाले, तीनदा नाही म्हणाले, आणि सायकलच्या मागं बसले. का बसले हे त्यांना स्वतःला कधी सांगता आलं नाही.

नाच बसवणारा मास्तर पुण्याचा. त्यानं हात वर केला, पेटी वाजली, आणि सात माणसं उजवीकडं वळली. गुरुजी डावीकडं. सात जणांचे कंदील उजव्या हातात, गुरुजींचा डाव्या. गिरकीला ते शेजारच्यावर असे आदळले की दोघंही फलाटावर. मेलो, गुरुजींना वाटलं, आता हाकलतात. पण नाचाचा मास्तर डोळे पुसत होता, हसू आवरत नव्हतं त्याला. तो म्हणाला, बदलू नका, अगदी असंच करा, ह्यापेक्षा चांगली नक्कल मला जन्मात सुचली नसती. मग काय, सात सुलटे आणि एक उलटा, असा तो नाच कॅमेऱ्यात गेला. कंदील वर गेला, पाठीमागं आला, आणि ती चार मिनिटं सिताराम गुरुजींना कसलीही भीती वाटली नाही. तीस वर्षांच्या आयुष्यातली तेवढीच चार मिनिटं.

कोट काढताना त्यांचं लक्ष हातातल्या कंदिलाकडं गेलं. काच अजून ऊन होती. आणि एकदम डोहाचा काठ आठवला, धोतराचा सोगा आठवला. मी नाचलो. उजेड हातात धरून, चारचौघांपुढं नाचलो. गुरुजींनी चटका बसल्यासारखा कंदील खाली ठेवला. बन्सीधरनं बाकावर बसवून पाणी पाजलं.

तिथून पुढचं वर्ष त्या माणसानं कसं काढलं ते त्याचं त्यालाच माहीत. आधी ते मनाची समजूत घालायचे की सिनेमा पुरा होणारच नाही. कंपन्या काय, बुडतात. मग पुरा झाल्याचं कळलं. मग म्हणायचे, पडेल. तो परभणीत पाच आठवडे चालला. मग म्हणायचे, आपल्या गावाला कुठं कळतंय, इथं कोण जातंय परभणीला. ओसरीवर म्हातारा खोकला की ह्यांच्या हातातला खडू मोडायचा, आणि शाळा तर शंभर पावलांवर! एकदा रात्री झोपेत टाचा वाजवल्या म्हणे. सुलाबाईनं हलवून उठवलं आणि विचारलं, तेव्हा रडत रडत सगळं तिला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं.

“तुमीच सांगा मामांना,” ती म्हणाली. “दुसऱ्याच्या तोंडून कळलं तर मंग काई खरं न्हाई.”

बाई बोलली ते लाखातलं होतं. पण कळणं वेगळं आणि वळणं वेगळं. गुरुजी एकदा बापाच्या शेजारी जाऊन बसले आणि कापसाच्या भावाबद्दल बोलून उठले. दुसऱ्यांदा पाय चेपायला बसले. तासभर चेपले, म्हातारा झोपी गेला. तिसऱ्यांदा सगळं वाक्य जुळवून आले, तर आश्रुबा बाबासाहेबांच्या फोटोची काच पुसत होता. आले तसे माघारी फिरले.

आणि पंच्याहत्तरच्या जत्रेत व्हायचं ते झालं. सकाळच्या वेळी बैलगाडीवर भोंगा लावून तंबूवाल्यांची जाहिरात गावात शिरली. भोंग्यातून आवाज आला की पोट धरून हसा, कंदिलाच्या नाचाची झकास नक्कल बघा, आणि त्यात आपल्याच तालुक्याचे सिताराम गुरुजी! गाडी नेमकी कडुनिंबाखाली थांबली, जिथं आश्रुबा दोरी वळत बसलेला. गुरुजींनी शाळेच्या खिडकीतून पाहिलं. वर्गात पाढे चालले होते. त्यांनी पोरांना नुसतं म्हणत राहा अशी खूण केली आणि भिंतीला टेकून खाली बसले.

म्हाताऱ्याचा हात दोरीवर थांबला होता. मग तो पुन्हा वळायला लागला.

तीन दिवस घरात शब्द नाही. त्यांना वाटायचं, बाप घर सोडून जाईल. त्यांना वाटायचं, बाप वस्तीसमोर उभं करून विचारील आणि आपल्याला तोंड उघडता येणार नाही. सगळ्यात वाईट वाटायचं ते हे, की बाप काहीच विचारणार नाही, आता मरेपर्यंत गप्पच बसेल. इतकी इज्जत त्या माणसानं हातानं उभी केली होती, एकेक वीट रचून. पोराला मास्तर केलं, आणि पोरगं गेलं नाचायला.

चौथ्या दिवशी आश्रुबानं धुवट धोतर नेसलं, काठी घेतली आणि म्हणाला, “चल.”

एसटीत गुरुजींनी दोनदा तोंड उघडलं. “आबा,” एवढंच निघालं. म्हातारा खिडकीबाहेर उसाकडं बघत होता. गंगाखेडला उतरून तंबूपाशी पोचले तेव्हा दिवस बुडाला होता. गुरुजींचे पाय सवयीनं तंबूच्या मागच्या अंगाला वळले, तर आश्रुबानं काठी आडवी धरली. तो सरळ खिडकीपाशी गेला आणि त्यानं समोरची, खुर्चीची दोन तिकिटं मागितली. जन्मात पहिल्यांदा.

खुर्चीच्या अगदी कडेला तो बसला. कुणी उठवायला आलं नाही. गुरुजी शेजारी, अंग चोरून, नजर बापाच्या काठीवरच्या मुठीवर. सिनेमात काय चाललं होतं ते त्यांना विचारू नका. मूठ सैल आहे का घट्ट, एवढंच ते बघत होते.

मग फलाट आला. आठ कोट, आठ कंदील. पेटी वाजली, सात माणसं उजवीकडं वळली आणि एक डावीकडं. तंबू फुटतो का काय, असा हशा उसळला. “उलटा गुरुजी! उलटा गुरुजी!” पोरं शिट्ट्या मारायला लागली. गुरुजींनी मूठ पाहिली. नखं पांढरी पडली होती. आश्रुबा हसत नव्हता. डोळे बारीक करून पडद्याकडं बघत होता, आणि ओठ हलत होते, काहीतरी मोजल्यासारखे. आणि एकदम तो उभा राहिला.

मागून ओरडा झाला, ओ म्हातारबा, खाली बसा की. तो बसला नाही. काठी टेकत पडद्याकडं निघाला. फाडतोय आता पडदा, त्यांना वाटलं, काठी घालतोय मधोमध! ते खुर्च्यांना अडखळत मागं धावले. पण आश्रुबा पडद्याच्या बांबूला वळसा घालून पलीकडं गेला.

पलीकडं अजूनही माणसं बसत होती. फार नाहीत, वीस-पंचवीस. ऊसतोडीची बिऱ्हाडं, चार म्हाताऱ्या, आणि पाच-सहा पोरं, जी उभी राहून पडद्याबरोबर नाचत होती. आश्रुबा त्यांच्यामागं उभा राहून बघत होता. इकडून चित्र आरशासारखं. इकडून ती सात माणसं डावीकडं वळत होती, अगदी त्या जुन्या गार्डासारखी, चार दिवस लागोपाठ पाहिलेल्या. आणि एकटा सिताराम उलटा.

नाच संपला. कुत्र्याला सलाम झाला. समोरच्या बाजूला अजून हसणं चाललं होतं.

“कुनी नाचाय लावलं तुला?” आश्रुबानं मागं न बघता विचारलं. वर्षभर ज्याची धास्ती घेतली, तोच हा प्रश्न.

वर्षभर भिऊन भिऊन गुरुजींची भीतीसुद्धा झिजली असावी. “कुनी न्हाई आबा,” ते म्हणाले. “माझ्या मनानं नाचलाव.”

“पैसे फेकले?”

“न्हाई.”

म्हातारा बराच वेळ गप्प राहिला. गुरुजींना ते गप्प बसणं ओळखीचं होतं आणि तरी ह्या वेळचं निराळं वाटलं.

“समोरून बघितलं मगाशी,” आश्रुबा म्हणाला. “आपन बघितला व्हता तसाच नाचलास. तंतोतंत. मला वाटलं, लोक हसायलेत कामून? म्हनून इकडं आलाव.” त्यानं पडद्याकडं बोट केलं. “तुझं काई चुकलं न्हाई, लेकरा. म्या तुला मागं बसवलं व्हतं.”

गुरुजींना आत्ता कुठं ते कळलं. डावा हात, डावी गिरकी, फलाटावरची धडक. सगळ्या तालुक्याला हसवणारा तो उलटेपणा कुठून आला, ते त्या सात वर्षांच्या पोराच्या जागेवर उभं राहिल्यावर कळलं. बापाच्या दंडाला त्यांनी धरलं, आणि बापानं धरू दिलं.

पुढ्यात ती पोरं अजून नाचत होती. एकानं काठीचा तुकडा कंदील म्हणून घेतला होता. समोरच्या बाजूचे लोक ज्या हातात धरतील, त्याच्या दुसऱ्या हातात. आश्रुबानं ते पाहिलं आणि मग पुढं होऊन त्यानं पोराचा खांदा धरला.

“चला रे,” तो म्हणाला. “म्होरल्या अंगाला.”

पोरं घाबरली, आपलं तिकीट मागलं हाय म्हणाली. त्यांच्या आया उठून उभ्या राहिल्या. आश्रुबा म्हणाला, मी बघतो काय करायचं ते, तुमी बी चला. पण बांबूजवळच्या फटीतून एवढी माणसं नेली तर पडदाच खाली यायचा, आणि तंबूबाहेरून वळसा घालायचा तर तिथं मिट्ट अंधार, आणि जमिनीत ठोकलेल्या खुंट्या, ताणलेले दोर. पहिलंच पोरगं दोरात पाय अडकून पडलं.

मागच्या खांबाला तंबूवाल्यांचा कंदील टांगलेला होता. गुरुजी तो काढायला पुढं सरकले, पण त्यांच्या आधी आश्रुबाचा हात पोचला. त्यानं कंदील खाली घेतला, वात मोठी केली. मागून चालायला काही तो पोरांच्या पाठीमागं गेला नाही. तो पुढं झाला. कंदील गुडघ्याइतका खाली धरून, खुंटी आली की थांबून, “हितं दोर हाय, पाय उचला” म्हणत, एकोणीस वर्षांत पहिल्यांदा तो कुणाच्या तरी पुढं उजेड धरून चालला.

दारावरचा माणूस आडवा आला. त्यानं आधी म्हाताऱ्याकडं पाहिलं, मग रांगेच्या शेवटी उभ्या असलेल्या उलट्या गुरुजींकडं, आणि हसून बाजूला झाला. गुरुजींनी पोरांना खुर्च्यांपुढच्या सतरंजीवर बसवलं. आश्रुबानं कंदील विझवून पायाशी ठेवला आणि पोरांच्या शेजारी मांडी घातली.